तरीवाल्या बाबलीची झोप

वालावलच्या खाडीवर तर, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी, चालवणाऱ्या बाबली कुबलाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती फुकटात मिळणारी होती. गावातल्या कुत्र्यांना ती मिळत होती, कोंबड्यांना मिळत होती, देवळाच्या सावलीत दुपारी पसरणाऱ्या आळशांना तर न मागता मिळत होती. बाबलीला मात्र ती बावीस वर्षांहून अधिक काळ मिळाली नव्हती. रात्रीची सलग झोप, एवढीच ती गोष्ट.

बावीस वर्षं तो बोटीवर आगवाला होता. बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून फावड्यानं कोळसा घालायचा, हे आगवाल्याचं काम. त्याची पाळी बारा ते चारची. दुपारी बारा ते चार, आणि पुन्हा रात्री बारा ते चार. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की आडवं व्हायचं, आणि मधल्या वेळेत जस्ती टमरेलातून काळा कडक चहा प्यायचा. एकोणीसशे छपन्न साली बोटीच्या डॉक्टरनं त्याच्या छातीला नळी लावली, मान हलवली, आणि बाबली पत्र्याची पेटी घेऊन घरी आला. पेटी माळ्यावर गेली. सवय मात्र कुठंच गेली नाही. घरात घड्याळ नाही, गावात ठोके देणारं कुणी नाही, तरी बारा वाजले की त्याचे डोळे टक्क उघडत आणि चारपर्यंत तो अंगणात येरझाऱ्या घालत राही.

काका वारले तशी खाडीवरची तर त्याच्याकडे आली. अलीकडे कुडाळ तालुका, पलीकडे मालवण तालुका, मधे ही पाण्याची वाट, आणि माणसं ने-आण करणारी एक होडी. वर्षाकाठी घरटी भात मिळे, त्यावर बाबली आणि त्याची बायको यशोदा यांचं भागे. मुलगी विमला लग्न होऊन कट्टा गावी गेली होती, त्यामुळे खाणारी तोंडं दोनच. काम मानाचं होतं. तरीवाल्याच्या हातात रोज अर्ध्या गावाचा जीव असतो, आणि तो ज्याच्या हातात द्यायचा तो माणूस गाव पारखून घेतो.

बाबली कुढत बसणाऱ्यांतला नव्हता. त्याला आपल्या दुखण्यापेक्षा त्याचं कोडं जास्त छळत असे. हे बाकीचे लोक झोपतात तरी कसे? तर सुटली की पहिल्या दोन वल्ह्यांत तो पाऊसपाण्याची चौकशी करी आणि तिसऱ्या वल्ह्याला मुद्द्यावर येई.

"तुका झोप कशी लागता रे?"

कासार म्हणाला, दिवसभर बांगड्यांची ओझी वाहिली की दगडसुद्धा झोपेल. माडी काढणारा नुसताच हसला. शाळेचे गुरुजी म्हणाले, वाचत पडलं की लागते, तेव्हा बाबलीनं त्यांच्याकडून एक पुस्तक मागून आणलं आणि ते पुरं वाचून काढलं, झोप काही आली नाही. एकदा त्यानं एका नव्या नवरीला हाच प्रश्न टाकला. तिच्या सासूनं छत्री उगारली. तेव्हापासून तो कुठल्याही नव्या नवरीला विचारत नसे, एवढाच त्या विषयात त्याचा संयम.

मग अठ्ठावन्न सालच्या भाद्रपदात तो प्रकार झाला. गौरी-गणपती आटोपून माहेरवाशिणी परत निघाल्या होत्या. होडीत अकरा माणसं, वर ऊन, खाली ओहोटीची ओढ. खाडीच्या मध्यावर बाबली उभ्या उभ्या झोपला. वल्हं हातात, डोळे मिटलेले, आणि होडी आडवी होऊन काठच्या कांदळाच्या झाडीत घुसली. एका मुळीवर आपटून ती इतकी कलली की एकीच्या कडेवरचं पोर पाण्यात जाता जाता राहिलं. पोराच्या आईनं जो हंबरडा फोडला, त्यानं बाबली जागा झाला. नंतर कितीतरी दिवस तो हंबरडा त्याच्या कानात होता. कुणी काही बोलण्याआधीच तो होडीतून उतरला, कमरेइतक्या चिखलात उभा राहिला आणि होडी ढकलत काठाला घेऊन आला. त्याला मान वर करवेना.

गावाचे मुख्य, गावकर हरिश्चंद्र, संध्याकाळी दारात आले. बसले नाहीत.

"बाबली, तुळशीच्या लग्नाक गाव बसतलो. तवसर झोपेचो काय तो बंदोबस्त कर. नायतर तर दुसऱ्याच्या हातात देतलंव."

"खरा आसा तुमचा," बाबली म्हणाला. त्याला त्यात अन्याय दिसला नाही. त्यांच्या जागी तो असता तर त्यानं तुळशीच्या लग्नापर्यंतही थांबू दिलं नसतं.

दुसऱ्याच दिवशी तो नेरूरच्या दाजी वैद्यांकडे गेला. दाजी वैद्य पुस्तकी मराठीत बोलत, आणि त्या बोलण्यानंच अर्धा रोग घाबरतो असं लोक मानत. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, बोटीची सगळी हकिकत ऐकली.

"औषध नाही," ते म्हणाले. "औषधानं झोप येईल, पण ती औषधाची झोप. तुझ्या शरीराला वेळच उरलेली नाही. ती पुन्हा लावून द्यायची. उठणं, जेवणं, निजणं, तिन्ही रोज ठरल्या वेळी. चाळीस दिवस. एक दिवसही चुकवायचा नाही. घरात घड्याळ आहे?"

"घड्याळ नको वैदबुवा. घंटेनच माझी झोप खाल्ली."

"मग तुला जी वेळ न चुकता कळते, ती धर."

हे वाक्य दाजींनी बोलायला नको होतं. पण ते राहत नेरूरच्या उंचवट्यावर, आंब्या-फणसांत. खाडीच्या माणसाला न चुकता कोणती वेळ कळते, हे त्यांच्या ध्यानीमनी आलं नाही.

बाबलीला वेळ कळे ती पाण्यावरून. तर चालायची भरती-ओहोटीवर, माणसं धक्क्यावर यायची भरती-ओहोटी बघून, आणि काळोख्या खोलीत डोळे बांधून बसवलं असतं तरी बाबलीनं नुसत्या वासावरून पाणी किती चढलं ते सांगितलं असतं. त्यानं घरी येऊन यशोदेला नेम सांगितला. दिवस मावळल्यावर जी पहिली भरती येईल, ती पुरी भरली की जेवायचं. पाणी फिरलं, ओहोटी लागली, की अंथरुणावर पडायचं. आणि पुढची भरती चढत चढत होडी बांधायच्या खुंटाला टेकली की उठायचं. मधे तरीची हाक आली तर फेरी मारून परत पडायचं.

"रोज भरतीर जेवतलास?" यशोदेनं विचारलं.

"रोज. एक दीस चुकाचो नाय."

यशोदा कमी बोलणारी बाई. तिनं तांदूळ भिजत घातले.

पहिली रात्र दशमीची. दिवेलागणीनंतर तासाभरात भरती भरली, बाबली जेवला, पाणी फिरल्यावर आडवा झाला, आणि काय आश्चर्य, पहाटेपर्यंत फक्त दोनदा जाग आली. एकादशीला एकदाच. त्रयोदशीला तो उठला तो शीळ घालतच. होडीत त्यानं सगळ्यांना दाजी वैद्यांचं नाव सांगितलं. गुरुजींचं पुस्तकही परत केलं.

पौर्णिमेपासून सगळं फिसकटलं. पाच-सहा दिवस तर असे गेले की बोटीवरसुद्धा इतके वाईट गेले नव्हते. नेम तो पाळत होता, अगदी कडक पाळत होता, तरी दिवसा डोळे जड होत आणि रात्री ते मिटत नसत. वल्हं हातातून सुटू नये म्हणून तो ते मनगटाला बांधून घेऊ लागला. पलीकडच्या काठावर माणसं थांबून थांबून चिडायची. मग नवमी आली आणि पुन्हा झोप लागली! चार-पाच रात्री छान. मग सर्वपित्री अमावास्या आली, आणि पुन्हा तेच.

आता गावाला कारण सापडायला कितीसा उशीर. अवस-पुनवेला बिघडतं म्हणजे खाडीतलं काहीतरी मागे लागलं असणार, हे ठरून गेलं. कुणी नारळ ठेवायला सांगितला, कुणी देवाला कौल लाव म्हणालं. बाबलीनं नारळ ठेवला, उगाच वाकडं कशाला घ्या. पण त्याच्या डोक्यातला किडा काही गप्प बसेना. भूत असेल तर ते नवमी ते त्रयोदशी कुठं जातं? पुनवेला उजेड आणि अवसेला काळोख, मग दोन्हींचा परिणाम एकच कसा? तो यशोदेला विचारी, आणि यशोदा म्हणे, "माका काय ठावक. माका एवढाच ठावक, की अवस-पुनव इली की माका चूल पेटवक मध्यान रात्र होता." हे तिनं एकदा नाही, चारदा सांगितलं. बाबलीनं ते बायकोची कुरकुर म्हणून सोडून दिलं. नवऱ्यांच्या कानांचा हा जुनाच दोष आहे.

कोजागिरी गेली. दाजींचे चाळीस दिवस भरले त्या दिवशी अश्विन वद्य पंचमी होती, आणि बाबलीची स्थिती पहिल्या दिवसाहून वाईट होती. त्या सकाळी तरीत एकटी आनंदीबाई होती. आनंदीबाई गावची सुईण. दोन्ही काठांवरची निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे ती कुणालाही अरेतुरे करी. पलीकडच्या वाडीत एक बाळंतपण करून ती परत निघाली होती. रात्रभर जागी, आणि तरी तोंड कसं ताजं.

"आनंदीबाय," बाबली म्हणाला, "तू आठवड्यात दोन-तीन राती जागी. मगे तुका झोप कशी लागता?"

"लागता कशी म्हणजे? पाठ टेकली की लागता."

"पण तुझी वेळ तर रोज चुकता."

"निजाची चुकता रे. उठाची नाय." आनंदीबाईनं पदर सारखा केला. "रात्री कितीय वाजांदेत, कोंबो आरवलो की मी उठतंय. उठान परड्यात जातंय, सूर्य वर येयसर उभी रवतंय, मगे पेज. एक दीस कमी निजलंय तर दुसऱ्या दिसा आपसूक लवकर झोप येता. तू उठतस कधी?"

"भरती खुंटाक लागली की."

"आणि जेवतस?"

"भरतीर."

"रोज?"

"रोज. चाळीस दीस झाले. एकय चुकाक नाय." हे सांगताना एवढ्या थकव्यातही त्याला थोडा अभिमान वाटला.

आनंदीबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं शांतपणे विचारलं, "मेल्या, माझ्या कोंबड्यांका भरती कळता काय?"

"कोंबड्यांका कशी कळतली?"

"मगे ती रोज एकाच वेळार खुराड्यात कशी जातत?"

बाबलीचं वल्हं पाण्यात थांबलं. होडी खाडीच्या मध्यावर हळूहळू फिरू लागली आणि आनंदीबाईनं कड घट्ट धरली, कारण भाद्रपदातली हकिकत तिनं ऐकली होती. पण बाबली झोपला नव्हता. तो बोटांवर मोजत होता. भरती रोज आदल्या दिवसापेक्षा दोन घटका उशिरा येते. खाडीवरच्या पोरासोरांना हे माहीत असतं, आणि बाबलीला तर ते पोटात असल्यापासून माहीत होतं. दोन घटका म्हणजे पाऊण तासाहून थोडं अधिक. दशमीला दिवेलागणीनंतर तासाभरात जेवला. पुनवेला मध्यरात्री जेवला. पंचमीला, म्हणजे आजच, पहाटे चारला जेवला! आणि दिवस उगवल्यावर पोटात गच्च भात घेऊन तर चालवतो आहे. अष्टमी उलटली की भरती पुन्हा तिन्हीसांजेनंतर येणार, मग चार दिवस झोप लागणार, मग पुन्हा तेच चाक.

चाळीस दिवस तो रोज एकाच वेळी जेवत होता आणि एकही दिवस एका वेळी जेवला नव्हता.

तो हसायला लागला. इतका हसला की वल्हं टाकून होडीत खाली बसला. आनंदीबाईला वाटलं याचं डोकं फिरलं. "गो आनंदीबाय," तो डोळे पुसत म्हणाला, "बोटीर माका घंटेन खाल्ल्यान आणि हय मी स्वतः माका खाडयेक बांधून घेतलंय!" त्याला लाज वाटली नाही. चाळीस दिवसांचं कोडं सुटलं याचाच आनंद इतका मोठा होता की मूर्ख आपणच ठरलो हे त्याला नंतर, धक्का आल्यावर, ध्यानात आलं.

घरी जाऊन त्यानं यशोदेला सांगितलं. यशोदा म्हणाली, "ताच मी सांगी होतंय." बाबलीनं कबूल केलं.

तुळशीच्या लग्नाला बावीस दिवस उरले होते. नवा नेम सूर्याचा. कोंबडा आरवला की उठायचं, झोप झाली असो नसो. तांब्याभर पाणी प्यायचं आणि शेतांच्या मेरेमेरेनं, बांधाबांधानं, देवळापर्यंत चालत जाऊन यायचं, उगवतीचं ऊन तोंडावर घेत. मग पेज, मग तर. काळा चहा सकाळचा एकच. हा नेम सगळ्यांत जड गेला. पहिले तीन दिवस डोकं असं दुखलं की त्यानं चहाच्या टोपाशी जाऊन नुसता वास घेतला. दुपारी डोळा लागला तर पंचा धुऊन उन्हात टाकायचा आणि तो वाळेपर्यंतच पडायचं. यशोदा पंचा वाळला की तो त्याच्या तोंडावर आणून टाकी. रात्रीचं जेवण दिवेलागणीला, कुळथाची पिठी आणि भात, तेही पोट थोडं रिकामं ठेवून. मग तळपायांना खोबरेल चोळून आडवं व्हायचं.

आणि मध्यरात्री डोळे उघडले तर? बोटीची सवय होती, ती चार दिवसांत थोडीच जाणार. त्यावर त्यानं स्वतःच उपाय काढला. अंथरुणात तळमळायचं नाही, अंगणात फेऱ्या मारायच्या नाहीत, दिवा लावायचा नाही. ओटीवर काळोखात बसायचं आणि काथ्याचा सुंभ वळायचा. त्याहून कंटाळवाणं काम देवानं केलेलं नाही. डोळे जड झाले की सुंभ तिथंच टाकून परत आत. सकाळी दोन्ही हात पसरून तो किती वाव झाला ते मोजी. पहिल्या रात्री सात वाव सुंभ झाला. दुसऱ्या रात्री आठ. मग सहा, पाच, पुन्हा सात. दिवाळीच्या आदल्या रात्री दोन. पाडव्याच्या रात्री हातभर. त्यानंतर काथ्या टोपलीत तसाच पडून राहिला. बाबली रोज सकाळी टोपलीत डोकावून बघे आणि त्याला स्वतःचंच नवल वाटे.

एक अडचण उरली, आणि ती मोठी होती. दिवेलागणीला जेवायचं आणि निजायचं, तर रात्रीची तर बंद. आजवर तरीवाल्यानं हाक येईल तेव्हा उठायचं अशी रीत. बाबलीनं दोन-तीनदा रात्रीची हाक नाकारली, आणि भाद्रपदातला राग विझण्याऐवजी त्यात नव्या रागाची भर पडली.

तुळशीच्या लग्नादिवशी, फराळ-प्रसाद आटोपल्यावर, गाव देवळाच्या मंडपात बसला. बायका एका कडेला होत्या. गावकर हरिश्चंद्रांनी सरळ विचारलं.

"बाबली, आदी तू दिवसा झोपी होतस. आता रात्री येणस नाय. तर चलतली कशी?"

बाबली उभा राहिला. बोलण्याची त्यानं तयारी केली होती, पण ऐन वेळी तयारी विसरला आणि मनात होतं तेच बोलला.

"गावकारांनू, सगळ्या वेळार अर्धो जागो तरीवालो तुमका होयो, की दिवसभर पुरो जागो? दोन्ही माझ्यान होवचा नाय. आनंदीबाय बाळंतिणीसाठी हाक मारील तर मी कधीय उठतलंय. बाकीच्यांनी दिवस असताना येवचा. ह्या जमणा नसात तर होडी तुमची आसा, घेवा. पण अकरा माणसांक घेवन परत कांदळात जावची माझी तयारी नाय."

मंडपात कुजबुज झाली. त्यानं सुंभाची वेटोळी पुढं ठेवली आणि कोणत्या रात्री किती वाव ते सांगितलं, शेवटच्या दहा रात्री काहीच नाही हेही सांगितलं. कुणीतरी म्हणालं, सुंभ वळला नाही म्हणजे झोपला कशावरून? नुसता पडून राहिला असेल. हे खरंच होतं. माणसाच्या झोपेला साक्षीदार कोण आणणार? ज्याला झोप लागली त्याला स्वतःलाही ती सांगता येत नाही. होडी आता हातची जाते, असं बाबलीला स्पष्ट दिसलं, आणि तो सुंभाची वेटोळी गोळा करायला लागला.

"झोपता तो."

आवाज बायकांच्या बाजूनं आला. यशोदा उभी होती. सगळ्या आयुष्यात ती गावाच्या बैठकीत बोललेली नव्हती. पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं.

"पाडवो सरलो तेवापासून कोंबो आरवयसर उठलो नाय. भाऊबीजेक एकदा कूस बदलल्यान. षष्ठीक घोरल्यान. अष्टमीक वायच बडबडलो, तो झोपेतच. त्याच्या आदी सुंभ वळी होतो तेवायची रात न् रात सांगतंय, विचारा."

गावकरांनी भुवया उंचावल्या. "तुका कसा ठावक गो?"

"मी जागी आसतंय."

आनंदीबाईनं हळूच तिच्या पाठीवर हात ठेवला. गावकर जमिनीकडे बघत होते. मग ते म्हणाले, "तर बाबलीकडेच रवांदे. दिवसाची," आणि पुढचा विषय काढला.

बाबलीला हवं होतं ते मिळालं होतं. पण घरी जाताना त्याची पावलं मागं मागं पडत होती. मेरेवरून पुढं यशोदा, मागं तो. आपण गावभर विचारत फिरलो. कासाराला विचारलं, गुरुजींना विचारलं, परक्याच्या नव्या नवरीला विचारलं. घरात मात्र एकदाही विचारलं नाही. ही गोष्ट त्याला इतकी लागली की ओटीवर पोचल्यावर तो आत न जाता तिच्यासमोर उभा राहिला.

"यशोदा," तो म्हणाला, "तुका झोप लागणा नाय?"

"लागता. पहाटेक."

"कधीपासून?"

"तुमी पयल्या सुट्टेर इल्लात, तेव्हा सांगितलात. बारा ते चारची पाळी, आणि त्याच पाळयेत बॉयलरची वाफ लागान एक माणूस गेलो म्हणान. तेव्हापासून बारा ते चार माका झोप लागली नाय. वाटायचा, तुमी थंय आगीर उभे, आणि मी हय निजू कशी? मगे तुमी घराक इलात. तरी सवय गेली नाय."

बाबली ओटीच्या खांबाला टेकून बसला. बोट दूरच्या समुद्रात असली की तिथं मध्यरात्र असताना वालावलला सकाळ झालेली असते, नाहीतर दुपार कललेली असते. बोटीवरच्या माणसाला हे दुसऱ्या दिवसापासून ठाऊक असतं. यशोदा इथल्या मध्यरात्रीला जागी राहिली तेव्हा कितीतरी वेळा तो तिकडे उजेडात बसून जेवत होता, नाहीतर पत्ते खेळत होता. तिच्या बावीस वर्षांतल्या निम्म्या रात्री चुकीच्या वेळी गेल्या होत्या. त्याच्या ओठांवर आलं होतं, आणि त्यानं ते गिळलं. पुढं कधीही, मरेपर्यंत, त्यानं ते तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मेरेवर फिरायला दोघं जाऊ लागली. नवरा-बायको सकाळी सकाळी कामाशिवाय चालताना दिसली म्हणून गाव हसला. हसू दे. यशोदेला आधी लाज वाटली, मग ती वाटेत पारिजातकाची फुलं वेचायला लागली, मग तिची चाल त्याच्याहून भरभर झाली. दुपारचा पंचा आता तिच्यासाठीही वाळत पडू लागला. रात्री तिच्या तळपायांना तेल तो लावी. पहिल्यांदा तिनं पाय ओढून घेतले होते, आणि तो म्हणाला होता, "गप रव गो." रात्री जाग आली की दोघं काळोखात ओटीवर बसून सुंभ वळत. त्या हिवाळ्यात त्यांच्या घरी जेवढा सुंभ झाला तेवढा पंचक्रोशीत कुणाकडे नव्हता.

पौष उजाडला त्या सुमाराची गोष्ट. कोंबडा आरवला आणि बाबली उठला. शेजारी यशोदा भिंतीकडे तोंड करून निजली होती. तो पाणी पिऊन आला, ती तशीच. त्यानं चूल पेटवली, पेज ठेवली, ती तशीच. ऊन दारातून आत आलं, तिच्या हातावर पडलं, हळूहळू कोपरापर्यंत चढलं. बाबली उंबऱ्यावर बसून ते बघत राहिला. बायको झोपलेली कशी दिसते हे त्याला या वयात कळत होतं. तोंड थोडं उघडं होतं.

धक्क्यावरून हाका यायला लागल्या. पहिली फेरी उन्हं तापायच्या आत सुटायची, आणि आज ऊन चांगलंच वर आलं होतं. बाबली धावत गेला आणि तोंडावर बोट ठेवलं. समोर गावकर हरिश्चंद्र उभे होते, पलीकडे मालवणला कचेरीत जायला निघालेले, कपाळाला आठ्या.

"मेल्या, परत झोपलस?"

"मी नाय," बाबली म्हणाला. "यशोदा निजली आसा."

गावकरांनी वहाणा काढून हातात घेतल्या आणि पायांचा आवाज न करता होडीत जाऊन बसले.